कडेवरून उतरायच्या वयात

संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत कुठल्याही बोरन्हाणाला गेलात तर हे हमखास पाहायला मिळतं. काळं झबलं, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने आणि पाटावर बसवलेलं दीड वर्षाचं मूल. भोवती पंधरा-वीस मोठी माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या हातात उंच धरलेले मोबाइल. ‘इकडे बघ’, ‘हस ना’, ‘टाळ्या वाजव’ असा चहूबाजूंनी आग्रह चाललेला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे यायला लागतात, मुलाचा खालचा ओठ हळूहळू पुढे येतो आणि दुसऱ्या क्षणाला भोकाड. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘अगं, याला माणसांची सवयच नाही! सारखा तुलाच चिकटलेला.’’ आणि आई बिचारी ओशाळते.

तिने ओशाळण्याचं काहीच कारण नाही. रडं फुटण्याआधीचे दोन क्षण नीट पाहिलेत तर लक्षात येईल, मुलाने त्या गर्दीत आईचा चेहरा शोधला होता. समोर जे चाललंय ते घाबरण्यासारखं आहे की मजेचं, हे या वयाची मुलं आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचतात. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली मध्येच पायरीसारखा खोलगट भाग दिसत होता. पलीकडे उभी असलेली आई हसतमुख असेल तर बहुतेक बाळं ती काच रांगत ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही बाळ पलीकडे गेलं नाही. बोरन्हाणाच्या पाटावर बसलेलं मूल हेच विचारत असतं, आणि नेमकी त्याच वेळी आई फोटोसाठी जागा करून द्यायला बाजूला झालेली असते.

एक ते तीन वर्षांचं आपलं मूल मायाळू व्हावं, चार माणसांत मोकळेपणाने वावरावं असं वाटणाऱ्या आईबाबांसाठी हा लेख आहे. मला जे सांगायचंय ते सुरुवातीलाच सांगते. माया आणि मोकळेपणा या दोन्ही गोष्टी कुशीतूनच येतात. परत यायला हक्काची जागा आहे याची ज्या मुलाला खात्री असते, ते मूल लांबवर जातं. म्हणून त्याला माणसांत ढकलण्याची घाई सोडा आणि परत येण्याची जागा पक्की करा.

ही गोष्ट नीट निरखून मांडली ती मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत त्या घरोघरी जाऊन आया आणि तान्ही मुलं यांचं वागणं टिपत होत्या. रांगणारं मूल आईपासून थोडं दूर जाई, काहीतरी उचलून पाही, वळून आईकडे बघे, कधी परत येऊन तिला हात लावून जाई आणि पुन्हा निघे. आई उठून दिसेनाशी झाली की खेळ थांबायचा. पुढे बाल्टिमोरमध्ये केलेल्या अभ्यासातही त्यांना हेच दिसलं. शिवाय, पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला आई चटकन धावून गेली, ती बाळं वर्षाची होईपर्यंत कमी रडू लागली होती. ‘सारखं घेतलं तर मांडीची सवय लागेल’ हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की नव्या आईला मुलाला उचलतानाही अपराधी वाटतं. मनात शंका न ठेवता उचला. ज्याचं रडणं ऐकलं जातं, त्याला रडून रडून लक्ष वेधावं लागत नाही.

आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास अनोळखी चेहऱ्याचं भय सुरू होतं. आई नजरेआड झाली की होणारी घालमेल साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सर्वांत तीव्र असते. काल सगळ्यांकडे जाणारं मूल आज शेजारच्या काकूंकडेही जाईना झालं, तर त्याचं काही बिघडलेलं नाही. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्याला आता कळायला लागलंय.

पाहुणे येणार असतील तेव्हा काय करावं, हे सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत चुकतं ते याच ठिकाणी. बेल वाजली की मुलाला कडेवर घ्या आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. पाहुण्यांनी आल्या आल्या ‘ये माझ्याकडे’ म्हणून हात पसरू नयेत. आधी तुमच्याशी बोलावं, मुलाकडे टक लावून पाहू नये, जमलं तर सतरंजीवर बसावं. उभं राहून वाकलेला मोठा माणूस दीड वर्षाच्या मुलाला अंगावर आल्यासारखा वाटतो. पाहुण्यांच्या शेजारी एखादी वाटी-चमचा किंवा किल्ल्यांचा जुडगा ठेवा. पाच-दहा मिनिटांत मूल कडेवरून खाली सरकतं, तुमच्या गुडघ्याला टेकून उभं राहतं, मग ती वाटी बघायला जातं, उचलतं आणि पुन्हा तुमच्याकडे पळत येतं. दुसऱ्या फेरीला ते ती वाटी पाहुण्यांच्या हातात देतं. त्यांनी ती घ्यावी, चमच्याने टण्णकन वाजवावी आणि परत द्यावी. ओळख झाली! आता पाहुण्यांनी लगेच उचलून घ्यायचा मोह आवरला, तर जाताना तेच मूल दारापर्यंत सोडायला येईल.

हे वडीलधाऱ्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न असतोच. माझ्या मते एक वाक्य पुरतं: ‘‘काकू, तो जरा वेळ घेतो. तुम्ही निवांत बसा, तो येईलच तुमच्याकडे.’’ यात काकूंचा अपमान नाही आणि मुलालाही ऐकू जातं की आई आपल्या बाजूने आहे.

बोरन्हाणही असंच थोडं बदलता येतं. मुलाला एकट्याला पाटावर न बसवता आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवा. सोबत दोन-तीन लहान मुलं घ्या, मोठ्यांनी खाली बसावं आणि ओतण्याआधी चार चुरमुरे मुलाच्या स्वतःच्या हातात द्यावेत, म्हणजे आधी तेच उधळेल. आणखी एक, या विषयाबाहेरचं पण सांगायलाच हवं असं: अख्खी बोरं, हरभरे, शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. लहानग्यांच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे पडले तरी सोहळा तितकाच गोड होतो.

सगळी मुलं एकाच वेगाने माणसांत मिसळत नाहीत, हेही मान्य करायला हवं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दाम्पत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सुमारे ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, १० टक्के सांभाळायला अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी दिसली; उरलेल्यांत मिश्रण होतं. हा फरक जन्मापासूनचा असतो. त्या दोघांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. मूल कसं घडेल हे एकट्या स्वभावावर ठरत नाही. त्या स्वभावाशी घरच्यांची वागणूक किती जुळते, त्यावर बरंच अवलंबून असतं. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला वेळ मिळाला तर ते रुळतंच. घाई केली तर आक्रसतं.

म्हणून मुलासमोर त्याच्यावर शिक्के मारू नका. ‘हा फार लाजाळू’, ‘ही अगदी माणूसघाणी’, ‘आईवेडा आहे नुसता’ ही वाक्यं आपण कौतुकानेही बोलून जातो. दोन वर्षांच्या मुलाला ते बोलतं त्यापेक्षा कितीतरी जास्त समजतं, आणि जे ऐकतं तसं ते स्वतःला मानायला लागतं.

याहून वाईट सवय म्हणजे भीती घालणं. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, झोपत नाही म्हणून पोलीस, ऐकत नाही म्हणून झोळीवाला, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’. एकीकडे मुलाने माणसांना घाबरू नये अशी अपेक्षा आणि दुसरीकडे दाराबाहेरचा प्रत्येक माणूस त्याला धरायला टपलाय असं दिवसातून चारदा सांगायचं! हे घरातल्या सगळ्यांनी मिळून, आजी-आजोबांसकट, आजपासून बंद करावं. ताप आलेल्या मुलाला डॉक्टरांच्या खोलीत नेताना याची किंमत कळते.

आता मायेबद्दल. मूल माया शिकतं ती त्याच्यावर झालेल्या मायेतून. आंघोळीआधी तेल लावणं, ओल्या केसांवरून पंचा फिरवणं, झोपवताना पाठीवर थोपटणं, तळहातावर बोट फिरवत म्हटलेली बडबडगीतं, पदराआड लपून ‘भ्वॉ’ करणं. यात नवीन काही शिकायचं नाही, फक्त हे बाबांच्याही वाट्याला यायला हवं. आपल्याकडे बाबा म्हणजे संध्याकाळी उंच उडवून झेलणारा माणूस. ज्या घरात बाबा जेवण भरवतात, शी धुतात, झोपवतात, तिथे मुलाला धाव घ्यायला दोन हक्काच्या कुशी असतात, आणि आजी-आजोबा असतील तर तीन-चार.

स्पर्शाइतकाच चेहराही बोलता हवा. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७५मध्ये मांडलेला प्रयोग बाळ असलेल्या प्रत्येक घराने ऐकावा असा आहे. आई बाळाशी हसत-बोलत खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, चीत्कारतं, आईला परत आणण्यासाठी होतं ते सगळं करून पाहतं, आणि शेवटी तोंड फिरवतं, रडायला लागतं. मोबाइलमध्ये बुडालेला आपला चेहरा मुलाला बराचसा तसाच दिसतो. पूर्ण दिवस फोन टाळणं कुणालाच शक्य नाही. पण कामावरून आल्यावरचा पहिला अर्धा तास फोन फडताळात वर ठेवून देणं नक्की शक्य आहे. त्या अर्ध्या तासात मुलाला काही शिकवायचं नाही, ते जे दाखवेल ते बघायचं. ते खिडकीबाहेर बोट करून ‘भूभू’ म्हणालं तर ‘हो, भूभू! शेपटी हलवतोय बघ’ एवढं उत्तर पुरे. आपण काही म्हटलं की समोरचा माणूस वळून बघतो, हा विश्वास घेऊनच ते उद्या बागेत दुसऱ्या मुलाशी बोलायला जाणार आहे.

नोकरी करणाऱ्या आईला ‘मी दिवसभर नसते, म्हणून हे असं होतंय का’ ही टोचणी असते. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात केवळ पाळणाघरात राहिल्यामुळे आईशी असलेली ओढ कमी झाल्याचं आढळलं नाही. आई मुलाचे इशारे किती ओळखते आणि त्यांना कसा प्रतिसाद देते, त्याचा परिणाम अधिक होता. मात्र पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं पाहू नका. रडणाऱ्या मुलाला तिथल्या मावशी उचलून घेतात का, आणि त्या मावशी दर दोन महिन्यांनी बदलतात का, हे पाहा.

सोडून जाताना लपून पळू नका. ‘तो खेळतोय तोवर निघ पटकन’ हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण मान वर केली की आई गायब, हे दोन-तीनदा घडलं की मूल तुम्हाला घरातही नजरेआड होऊ देत नाही. पहिले काही दिवस तिथे सोबत बसा, मग थोडा वेळ बाहेर, मग जास्त. निघताना रोज तेच छोटं वाक्य: ‘‘तू झोपून उठलास, खाऊ खाल्लास की आई येणार. टाटा.’’ मग पापा आणि निघायचं. मागे वळून पुन्हा पुन्हा समजूत घालायला गेलात की त्याची खात्री डळमळते. सोबत तुमची जुनी ओढणी किंवा घरची दुपटी दिली तर झोपताना तिचा वास आधार देतो. आणि दिलेली वेळ पाळा.

मायाळूपणाचा दुसरा भाग म्हणजे इतरांसाठी काही करणं. २००६ साली वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी दाखवलं, की अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा पडला आणि तो हात लांब करून धडपडू लागला, तर दीड वर्षाची बरीच मुलं कुणी न सांगता उठून चिमटा उचलून देतात. दोन वर्षांनी त्याच दोघांना असंही आढळलं, की अशा मदतीसाठी बक्षीस देऊ लागलं तर मुलांची पुढची मदत कमी होते. तेव्हा चॉकलेटचं आमिष नको, संधी द्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली त्याच्याजवळ ठेवा. एकेक चिमटा देताना तो लाल की निळा हे ठरवायला त्याला वेळ लागेल, मध्येच एखादा तोंडात जाईल, तुमच्या दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल. लागू द्या. आजीचा चष्मा नेऊन देणं, बाबांचे मोजे शोधणं, कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकणं, सगळं त्याच्या आवाक्यातलं आहे. ‘आजीला आता पेपर वाचता येईल’ एवढं सांगितलं की आपण दिलेल्या वस्तूने दुसऱ्याचं काय झालं, ते त्याला दिसतं.

माणसांत मिसळण्याची सवय लग्नकार्यात लागत नाही, ती रोजच्या फेरीत लागते. रोज ठरलेल्या वेळी मुलाला घेऊन चालत बाहेर पडा. तोच वॉचमन, तीच भाजीवाली, तोच इस्त्रीवाला. पहिले आठ दिवस मूल तुमच्या पायामागून बघेल. मग एक दिवस भाजीवाल्या मावशींनी दिलेली भेंडी मुठीत घेईल. पुढे मावशी दिसल्या की आपणहून हात पुढे करेल. हे थोडेसेच पण पुन्हा पुन्हा भेटणारे चेहरे मुलाला पाचशे माणसांच्या हॉलपेक्षा कितीतरी जास्त देतात. तुम्ही त्या मावशींशी कसं बोलता, हेही ते मूल ऐकत असतं आणि महिन्याभरात तुमच्याच सुरात बोलून दाखवतं.

बागेत दोन मुलं शेजारी बसून आपापली वाळू उकरतात आणि एकमेकांकडे बघतही नाहीत, म्हणून काळजी करू नका. दोन-अडीच वर्षांपर्यंत शेजारी-शेजारी खेळणं हाच सोबतीचा खेळ असतो. वस्तू वाटून घेणं या वयात नीटसं जमत नाही. दुसरं मूल घरी येणार असेल तर आपल्या मुलाचं सर्वांत लाडकं खेळणं आधीच कपाटात ठेवा आणि एकाच प्रकारच्या दोन-दोन वस्तू काढा. दोन डबे आणि दोन पळ्या असल्या तरी भागतं. मूल मारायला किंवा चावायला लागलं तर हात धरून थांबवा, आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्या, मग आपल्या मुलाला मोजक्या शब्दांत सांगा: ‘‘चावायचं नाही. त्याला दुखलं. असा हळू हात लाव.’’ आणि तो हळू हात त्याच्याच हाताने लावून दाखवा. धडा म्हणून उलटं चावणं किंवा चापट मारणं यातून ते फक्त मारणं शिकतं.

एका बाबतीत मात्र मोठ्यांना ठामपणे थांबवावं लागतं. ‘पापी दे, मगच चॉकलेट’, ‘मामाला मिठी मार, नाहीतर मामा रडेल.’ मायाळू मूल हवं म्हणून माया वसूल करू नका. मुलाला पर्याय द्या: नमस्कार, टाळी, टाटा किंवा काहीच नाही. दोन वर्षांच्या मुलीने मान हलवून नको म्हटलं आणि मामाने हसून हात मागे घेतला, तर आपल्या अंगावर आपला हक्क आहे हे तिला भाषणाशिवाय कळतं. पुढे कुणी नकोसा स्पर्श केला तर घरी येऊन सांगण्याचं बळ तिला यातूनच मिळणार आहे. आंघोळ घालताना अवयवांची नावं सरळ सांगावीत; शीची-शूची जागा कोण आणि कशासाठी धुतं, हेही याच वयापासून बोलावं.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार वर्षाच्या बाळासाठी स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. गाव सोडून दूर किंवा परदेशात राहणाऱ्यांनी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र जरूर करावा. तिथे पलीकडचा माणूस मुलाला खरंखुरं उत्तर देत असतो. ‘बोल ना आजीशी’ असा लकडा लावण्यापेक्षा दोघांनी मिळून काही करावं. आजीने तिकडे पोळी लाटावी, इकडे मुलाने कणकेचा गोळा थापावा. मग सुटीत प्रत्यक्ष भेट झाल्यावर मुलाला आजी परकी वाटत नाही.

शेवटी डॉक्टरांना दाखवण्याबद्दल. बुजणं वेगळं आणि संपर्कच नसणं वेगळं. बुजणारं मूल घरच्यांशी नजर मिळवतं, हसतं, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं. वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही सांगत नाही, दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं, हसणं कुठल्याही वयात मागे पडलं, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशा समजुतीवर विसंबून सहा महिने घालवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी होते, आणि तिथे कसं पोहोचायचं हे तुमच्या अंगणवाडीताई सांगू शकतात. जाताना मुलाचे घरातले साधे, न सजवलेले दोन-तीन व्हिडिओ फोनमध्ये असू द्या: जेवतानाचा, खेळतानाचा, हाक मारल्यावरचा. दवाखान्यात बरीच मुलं बुजून बसतात. घरी ते कसं वागतं, हे डॉक्टरांना त्यातून पाहता येईल.